मॉरिशसच्या नोंदवहीतला सातारा

एकोणिसाव्या शतकात सातारा जिल्ह्यातून मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या माणसाचे घराणे शोधायचे म्हटले, तर त्याचे कागद दोन देशांत विखुरलेले सापडतात. बेटावरची नोंद इंग्रजी किंवा फ्रेंच, मुंबईच्या सरकारी दप्तरातली इंग्रजी, गावदप्तरातली मोडी आणि सीमाभागात फिरून घराण्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्या हेळव्याच्या वहीतली मोडी किंवा कन्नड. यांतली कुठलीही नोंद एकटी पुरी पडत नाही. समुद्रापलीकडच्या कागदात माणसाची उंची, अंगावरचा व्रण आणि जहाजाचे नाव असते, पण आडनाव नसते. समुद्राअलीकडच्या कागदात आडनाव, देवक आणि कुळी असते, पण परदेशी गेलेल्या माणसाचा मागमूस नसतो. दोन्ही बाजू जुळवता आल्या तरच घराणे उभे राहते.

या स्थलांतराचे मूळ उसाच्या मळ्यांत आहे. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द करणारा कायदा 1833 मध्ये झाला आणि मॉरिशसमध्ये तो 1 फेब्रुवारी 1835 पासून लागू झाला. मळेवाल्यांना नुकसानभरपाईपोटी 20 लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. सुटका झालेल्या गुलामांना मात्र 1839 पर्यंत जुन्याच मालकांकडे ‘शिकाऊ’ म्हणून राबवले गेले. ते बंधन सुटताच बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली, आणि मळेवाले मजुरांसाठी हिंदुस्थानाकडे वळले. त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले होते. करारावर, म्हणजे गिरमिटावर, मजूर नेण्याचा सरकारी प्रयोग या 36 जणांपासून धरला जातो. पुढे मॉरिशसच नव्हे, तर गयाना, त्रिनिदाद, नाताळ आणि फिजीपर्यंत हीच पद्धत गेली.

सुरुवातीच्या भरतीत फसवणूक आणि हालअपेष्टा इतक्या झाल्या, की 1838 च्या सुमारास सरकारला ती थांबवावी लागली. 1842 च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली. या वेळी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरे ठरवून देण्यात आली आणि तिथे सरकारी देखरेख आली. 1910 पर्यंत साडेचार लाखांच्या घरात माणसे मॉरिशसला गेली. त्यांतली सुमारे एक तृतीयांश परतली, बाकीची तिथेच राहिली. यात मुंबईचा वाटा कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने फार लहान होता, आणि तोही मुख्यतः 1840 ते 1865 या पाव शतकात आटोपला. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे लोक जास्त. त्यांच्या जोडीला घाटावरचे सातारा, कोल्हापूर आणि पुण्याकडचे लोक होते.

साताऱ्याच्या माणसाला बंदर गाठण्याचे रस्ते जुनेच होते. कराड-पाटणकडून कुंभार्ली घाटाने चिपळूण, तिथून दाभोळच्या खाडीने गलबतातून मुंबई. वाई-जावळीकडून पार घाटाने महाड आणि सावित्रीची खाडी. उत्तरेकडच्या तालुक्यांतून पुणे, बोरघाट आणि पनवेल. बैलांवर धान्य-गूळ लादून खाली उतरायचे आणि मीठ-नारळ घेऊन वर यायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत होता. त्यामुळे घाटाखालच्या बंदरात काम मिळते ही बातमी डोंगरातल्या वाडीपर्यंत पोचायला वेळ लागत नसे. मॉरिशसमध्ये करार संपवून आलेले मुकादम स्वतःच गावोगाव फिरून माणसे गोळा करत. अशा मुकादमामागे एकाच वाडीतले भाऊबंद एकत्र निघत, आणि पुढे बेटावरही पुष्कळदा एकाच मळ्यावर जात. घराण्याचा शोध घेताना याचा मोठा उपयोग होतो. एका माणसाचे गाव वाचता आले नाही, तर त्याच जहाजातून त्याच मळ्यावर गेलेल्या शेजाऱ्याची नोंद पाहावी. तिथे गावाचे नाव पुष्कळदा अधिक स्पष्ट लिहिलेले असते.

त्या काळातला सातारा स्थिर नव्हता. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवून छोटे राज्य दिले. 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांच्या जागी आलेले शहाजी ऊर्फ आप्पासाहेब एप्रिल 1848 मध्ये वारले, आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. त्या वेळचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर याने खालसा करण्याला विरोध नोंदवला होता. तरी साताऱ्याचा पहिला कमिशनरही तोच झाला. राज्य गेले तेव्हा दरबाराच्या आधारावर जगणाऱ्या शिपाई, बारगीर, हुजरे अशा लोकांचे पोट गेले. शेतावर रोख साऱ्याचा बोजा होताच. यांतले किती जण मॉरिशसच्या जहाजावर चढले हे आकड्यात सांगता येत नाही, पण साताऱ्याच्या माणसाचे 1840 ते 1860 या काळातले बाहेर पडणे या उलथापालथीपासून वेगळे काढणे चूक ठरेल.

एक गैरसमज मात्र टाळायला हवा. साताऱ्याचा सर्वांत भीषण म्हणून लक्षात राहिलेला दुष्काळ 1876 ते 1878 चा. मॉरिशसचे स्थलांतर त्याला जोडण्याचा मोह होतो, पण तोवर मुंबईहून मॉरिशसची भरती जवळजवळ बंद झाली होती. त्याचे कारण मुंबईतच होते. 1853 मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली. बोरघाटातला लोहमार्ग बांधताना 1861 मध्ये एका वेळी 42,000 च्या वर माणसे कामावर होती. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मजुरी वाढली, आणि पुढे गिरण्या उभ्या राहिल्या. घरापासून चार-सहा दिवसांच्या वाटेवर काम मिळत असताना महिना-सव्वा महिना समुद्र ओलांडून जायला कोण तयार होणार? दुष्काळातले सातारकर गिरणगावात गेले. तेव्हा घरातल्या आठवणीत ‘दुष्काळात गेले’ असे असेल आणि नोंद मुंबईहून निघालेल्या जहाजाची असेल, तर तो दुष्काळ आधीचा धरून साल शोधावे लागते.

बेटावर उतरल्यावर काय घडत असे, ते आजही पाहता येते. पोर्ट लुईच्या बंदरात ट्रू फानफारोन या ठिकाणी 1849 मध्ये आगंतुक मजुरांचा डेपो सुरू झाला. धक्क्यापासून वर जाणाऱ्या 16 दगडी पायऱ्या शिल्लक आहेत. या पायऱ्या चढून आलेल्या माणसाला दोन दिवस डेपोत ठेवत. कारकून एकेकाला पुढे बोलावून मोठ्या वहीत नोंद करी: अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, लिंग, जात, उंची फूट-इंचांत, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, मालक आणि मळा. माणूस मराठी बोलणारा, दुभाषा बहुधा हिंदुस्थानी बोलणारा, आणि लिहिणारा कारकून इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाचा. सातारा तिथे ‘सट्टारा’ झाला, लक्ष्मणाचा लुक्सिमन झाला आणि गणूचा गुन्नू. वय अंदाजाने लिहिले जाई, म्हणून 25 आणि 30 हे आकडे वारंवार भेटतात. जातीच्या रकान्यात ‘मराठा’ असे लिहिलेले असेल, तर ते जातीचे नाव असेलच असे नाही. मराठी मुलखातला माणूस एवढाच अर्थ कारकुनाच्या मनात असू शके.

या वहीतली सर्वांत मोलाची गोष्ट अनुक्रमांक. तो आयुष्यभर माणसाला चिकटलेला असे. करार, पगार, मळा बदलणे, लग्न, मुलांचे जन्म आणि मृत्यू, या सगळ्या कागदांवर नावाशेजारी हा क्रमांक येतो. क्रमांक सलग वाढत गेल्यामुळे नुसत्या आकड्यावरूनही माणूस साधारण कोणत्या वर्षी उतरला ते सांगता येते. नावे एकसारखी असतात: एका मळ्यावर पाच राणू आणि सात भिवा असू शकतात. क्रमांक मात्र एकाचाच. म्हणून मॉरिशसमधले कुटुंब शोधाची सुरुवात आपल्या आजोबा-पणजोबांच्या जन्माच्या किंवा लग्नाच्या दाखल्यापासून करते, त्यावरचा पूर्वजाचा क्रमांक काढते आणि मग मूळ वहीकडे जाते.

इतक्या बारकाईने नोंद ठेवण्यामागे मजुराविषयी कळवळा नव्हता. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, कपडा आणि घोंगडी असा शिधा. एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापायचा. करार संपलेला मजूर मोकळा हिंडू नये म्हणून 1867 चा कायदा आला. त्यानुसार जुन्या मजुराला फोटो लावलेले ओळखपत्र जवळ बाळगावे लागे आणि ते नसले की पोलिस पकडत. 1866 ते 1868 या काळात बेटावर हिवतापाने हजारो माणसे मारली, त्याच काळात हा जाचही चालू होता. 1871 मध्ये अडॉल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने एक अर्ज तयार केला. त्यावर 9,401 जुन्या मजुरांच्या सह्या किंवा निशाण्या होत्या. त्यातून राजआयोग नेमला गेला. आयोगाच्या दोन सदस्यांपैकी डब्ल्यू. ई. फ्रिअर हा मुंबई इलाख्यातला जुना सनदी अधिकारी होता. आयोगाने 1875 मध्ये दिलेला अहवाल मळेवाल्यांच्या आणि पोलिसांच्या जुलमाची सविस्तर साक्ष आहे.

ज्या ओळखपत्राने माणसाला छळले, तेच आज त्याच्या वंशजांच्या हाती लागणारे एकमेव चित्र आहे. मुंबईहून गेलेले बहुतेक लोक फोटो काढण्याची पद्धत येण्यापूर्वीच उतरले होते, त्यामुळे त्यांच्या आगमनाच्या नोंदीत चेहरा नसतो. पण जो 1867 नंतर हयात होता, त्याचे ओळखपत्र बनले असण्याची शक्यता असते, आणि त्यावर पन्नाशीतला एखादा शेतकरी समोर बघत उभा असतो. या नोंदी आणि फोटो आज मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात आहेत. अर्ज करणाऱ्या कुटुंबाला तिथून पूर्वजाच्या नोंदीची प्रत मिळते. पोर्ट लुईचा डेपो आता ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखला जातो. युनेस्कोने 2006 मध्ये तो जागतिक वारसा यादीत घेतला, आणि 2 नोव्हेंबर हा दिवस मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टीचा आहे.

बेटावरच्या पिढ्या शोधताना आणखी एक अडचण येते, ती लग्नाची. देवाब्राह्मणासमोर लागलेले लग्न सरकारदरबारी नोंदवले नसेल, तर कायदा ते मानत नसे. अशा जोडप्याच्या मुलांची नोंद अनौरस म्हणून होई, आणि मुलांच्या नावामागे पुष्कळदा आईचे नाव लागे. त्यामुळे एकाच बापाची दोन मुले वेगवेगळ्या नावांनी नोंदलेली सापडतात. पुढच्या पिढीत पूर्वजाचे पहिले नावच आडनाव होऊन बसले. मॉरिशसच्या मराठी घरांत भिवाजी, रामजी, महादू, गुन्नू अशी आडनावे म्हणूनच दिसतात. त्यांच्यामागे मूळचा जाधव होता की शिंदे, कदम की चव्हाण, हे नावावरून कळायला मार्ग नाही.

इंग्लंडमधून अमेरिकेला गेलेल्या माणसाच्या वंशजांचे काम याच्या तुलनेत किती सोपे आहे ते इथे लक्षात येते. इंग्लंडच्या चर्चमध्ये 1538 पासून बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्या लिहिल्या जात होत्या, 1841 पासून शिरगणतीत प्रत्येकाचे नाव येऊ लागले, आणि अमेरिकेत 1820 पासून जहाजांवरच्या उतारूंच्या याद्या ठेवल्या गेल्या. त्या सगळ्यांतून आडनावाचा एकच धागा आरपार जातो. साताऱ्याच्या कुणब्याजवळ आडनाव होते, देवक होते, कुळी होती. पण ते त्याला कोणी विचारले नाही. नाव आणि बापाचे नाव घेतले आणि काम संपले. कारकुनाने एक रकाना जास्त आखला असता, तर आजचे निम्मे कष्ट वाचले असते.

तरीही मॉरिशसच्या मराठी माणसाने आपली ओळख सोडली नाही. कास्काव्हेल, हेन्रिएटा, वाक्वा या भागांत मराठी वस्ती टिकून राहिली. कास्काव्हेल गावात भिवाजी कुटुंबाने 1896 मध्ये गणपती बसवला. बेटावरच्या गणेशोत्सवाची सुरुवात तीच मानली जाते, आणि आज गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी झाकरी तिथे अजून नाचली जाते. घरातली बोली क्रिओल झाली, तरी शाळेत मराठी शिकण्याची सोय आहे. संशोधकाने या रूढींकडे पुरावा म्हणून पाहायला हवे. एखाद्या घरात पालीच्या खंडोबाचे, म्हसवडच्या सिद्धनाथाचे, मांढरदेवीच्या काळूबाईचे किंवा औंधच्या यमाईचे नाव पिढ्यांमागून टिकले असेल, तर जिल्ह्याच्या रकान्यात पुसट झालेले अक्षरही वाचता येते. कुलदैवत माणसाला तालुक्यापर्यंत नेऊन पोचवते.

तालुक्याच्या पुढचा शोध साताऱ्या-सांगलीत घ्यावा लागतो, आणि तिथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती सरहद्दींची. नोंदीतला ‘सातारा जिल्हा’ आजच्या सातारा जिल्ह्यापेक्षा बराच मोठा होता. वाळवा, तासगाव आणि खानापूर हे तालुके त्यात होते. संस्थाने विलीन झाल्यावर 1 ऑगस्ट 1949 रोजी उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. सांगली, मिरज आणि जत ही संस्थाने, तसेच औंध संस्थानातली आटपाडी, आज सांगलीत आहेत. म्हणजे मॉरिशसचा वंशज ‘सातारा’ हा शब्द घेऊन साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीत आला, तरी त्याच्या पूर्वजाचे गाव वाळवा किंवा खानापूरच्या तहसिलीत असण्याचा संभव असतो. उलट 1848 पूर्वी निघालेला माणूस कुठल्या ब्रिटिश जिल्ह्यातून गेलेलाच नाही. तो सातारच्या राज्यातून गेला, आणि त्या राज्याचे दप्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. मुंबई सरकारचा स्थलांतराविषयीचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात मिळतो. त्यात नावे कमी असतात, पण जहाजे, तारखा आणि तक्रारी असतात.

एकाच नावाची अनेक गावे हा दुसरा पेच. वडगाव एकटे नाही: कराडजवळ वडगाव हवेली आहे आणि खटावमध्ये वडगाव जयराम स्वामी. अशा वेळी परगण्याचा रकाना कामी येतो, म्हणून जुन्या परगण्यातली गावे नंतर कोणत्या तालुक्यात गेली, याचा तक्ता हाताशी हवा. काही गावे तर जागेवरच नाहीत. कोयना धरण 1960 च्या दशकात पुरे झाले आणि जावळी-पाटण भागातली शंभराच्या घरातली गावे शिवसागर जलाशयात गेली. तिथले लोक अनेक जिल्ह्यांत नव्याने वसले. कोयनेच्या खोऱ्यातून शंभर वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्याच्या वंशजाला मूळ गाव बघायला मिळणार नाही. पण त्याचे भाऊबंद पुनर्वसित गावठाणात सापडू शकतात, आणि पुनर्वसनाच्या कागदांत जुन्या गावाच्या खातेदारांची यादी असते.

गावदप्तरात गेलेल्या माणसाचे नाव शोधू नये, मागे राहिलेल्या भावाचे शोधावे. इथेच पुष्कळांची दिशा चुकते. जो 1850 मध्ये निघून गेला, त्याचे नाव नंतरच्या पाहणीत कसे येणार? जमीन भावाच्या किंवा चुलत्याच्या नावावर चढलेली असते. फेसल पत्रक, आकारफोड, क पत्रक, हक्कनोंदणी आणि जन्ममृत्यूची गाव नमुना 14 ची वही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, एवढी कागदपत्रे पाहावी लागतात. ‘राणू बिन भिवा’ मॉरिशसला गेला असेल, तर गावात ‘अमका बिन भिवा’ शोधायचा, आणि त्याच्यापुढे लिहिलेले आडनाव उचलायचे. यातला बराच मजकूर मोडीत असतो आणि मोडी वाचणारे थोडे. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा तहसिलींतले हे कपाटबंद कागद राज्यभर बाहेर काढले गेले, मोडी वाचकांना बोलावले गेले आणि नोंदी स्कॅन झाल्या. ते काम वेगळ्या कारणासाठी झाले, पण गिरमिटियाचा माग काढणाऱ्यालाही त्याचा तितकाच फायदा आहे.

सरकारी कागद संपतात तिथे हेळवी येतो. सांगली, कोल्हापूर, सातारा आणि लगतच्या कर्नाटकात घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा हा भटका समाज आहे. प्रत्येक हेळव्याची घराणी आणि गावे ठरलेली. सुगी झाल्यावर तो येतो, पूर्वी बैलावर बसून यायचा, ओट्यावर बैठक मारतो आणि वही उघडतो. घराण्याचा मूळ पुरुष कुठून आला, कोणत्या गावी स्थिरावला, त्याला मुलगे किती, कोणाचा वंश वाढला, कोणाचा खुंटला, देवक कोणते, कुलदैवत कोणते, हे तो एका लयीत वाचून दाखवतो. ओट्याभोवती घरातली जाणती माणसे बसतात आणि मधेच एखादा म्हातारा चूक दुरुस्त करतो. मागच्या फेरीनंतर जन्मलेल्या मुलांची नावे वहीत चढतात, आणि हेळव्याला धान्य, कापड, रोख असे मानधन मिळते. सामान्य शेतकऱ्याच्या घराण्याचा लिखित इतिहास इतक्या खोलवर दुसऱ्या कोणी सांभाळलेला नाही. विसाव्या शतकात छापल्या गेलेल्या कुलवृत्तांतांत मुख्यतः शिकल्यासवरल्या, सुस्थितीतल्या घराण्यांची नोंद झाली. मजुरीला गेलेल्या कुणब्याचा, धनगराचा कुलवृत्तांत कोणी छापला नाही. त्याची जागा हेळव्याच्या वहीने भरून काढली आहे.

अशा वहीत एखाद्या पिढीत तीन भावांची नावे असावीत, दोघांचा वंश पुढे चालावा आणि तिसऱ्याच्या नावापाशी शाखा थांबावी, हे नेहमीचे आहे. बहुतेक ठिकाणी तो माणूस निपुत्रिक वारलेला असतो. पण त्या पिढीचा काळ 1840 ते 1865 च्या आसपास पडत असेल आणि नाव, बापाचे नाव, गाव मोका येथील वहीशी जुळत असेल, तर ती थांबलेली शाखा कास्काव्हेलला वाढलेली असू शकते. एका जुळणीवर विसंबू नये. नाव, बाप, गाव या तिन्हींच्या जोडीला कुलदैवत किंवा सोबत गेलेल्या भाऊबंदाची नोंद जुळली, तरच नाते पक्के धरावे. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या हा आणखी एक आधार आहे. यात्रेला गेलेला माणूस तिथे आपले गाव, आडनाव, भाऊ आणि मुले सांगून सही किंवा निशाणी करत असे. मागे राहिलेला भाऊ पंढरीला गेला असेल, तर त्याने परदेशी गेलेल्याचे नाव सांगितलेले असणे शक्य आहे.

बिहारच्या बाजूला हे काम फार पुढे गेले आहे. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे वडील मोहित 1896 मध्ये ‘हिंदुस्तान’ जहाजातून गेले होते. त्यांचे भोजपूर जिल्ह्यातले हरिगाव-हरिहरपूर भागातले मूळ गाव सापडले, आणि त्यांच्या घराण्यातल्या पुढच्या पिढीनेही तिथे भेट दिली. भोजपुरी मुलखातून गेलेल्यांची संख्या मोठी, त्यांचा काळ अलीकडचा आणि फोटोही उपलब्ध, हे त्यामागचे कारण आहे. मराठी शोध त्या मानाने पन्नास वर्षे जुन्या काळातला आणि थोड्या माणसांचा आहे. पण साताऱ्या-सांगलीकडे हेळव्याची वही आहे, ही जमेची बाजू कमी लेखण्यासारखी नाही.

या शोधाला आता व्यावहारिक महत्त्वही आले आहे. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या मॉरिशस भेटीत, तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत भारताचे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड देण्याची खास तरतूद जाहीर झाली. 1850 च्या सुमारास गेलेल्या मराठी मजुराचे आजचे वंशज साधारण पाचव्या ते सातव्या पिढीत येतात. त्यांना मोका येथून नोंदीची प्रत मिळते. साताऱ्या-सांगलीतल्या ज्या घरांत जुनी वंशावळ, मोडी खत किंवा थांबलेल्या शाखेची आठवण आहे, त्यांनी ती हेळव्याच्या पुढच्या फेरीत वहीशी ताडून घ्यावी, तिचा फोटो काढावा आणि मोडी जाणकाराकडून वाचून ठेवावी. हेळव्यांची नवी पिढी या व्यवसायातून बाहेर पडत आहे. सरकारी दप्तर स्कॅन झाले, तसे या वह्यांचेही जिल्हावार स्कॅनिंग होणे निकडीचे आहे.